ताई ओ ला पहिल्यांदा जाताय? मग एवढं वाचून जा

नाव वाचून हसू आलं ना? आमच्याकडेही आलं होतं. मी फोनवर आईला म्हटलं, तू इकडे आलीस की तुला ताई ओ ला नेते, तर ती म्हणाली कुणाची ताई? तर ताई ओ म्हणजे हाँगकाँगच्या लांटाऊ बेटाच्या पश्चिम टोकावरचं मासेमारांचं जुनं गाव, खाडीच्या पाण्यात खांबांवर उभी घरं, दारात होडी, आणि बस थांब्यावर उतरल्या उतरल्या नाकात शिरणारा सुक्या मासळीचा वास. माझं माहेर अलिबागजवळचं, त्यामुळे मला तो वास पहिल्या दिवसापासून आवडला. माझ्यासोबत आलेल्या काही पाहुण्यांनी मात्र नाकाला रुमाल लावूनच अख्खं गाव बघितलं.

हाँगकाँगला राहायला लागल्यापासून येणाऱ्या प्रत्येकाला मी तिथे नेते, आणि दर वेळी तेच तेच प्रश्न, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. क्रमाने जा, म्हणजे गोंधळ नाही.

१) आधी कागदपत्रं

हाँगकाँग चीनचा भाग असला तरी त्याचं इमिग्रेशन वेगळं आहे, हे डोक्यात पक्कं करा. भारतीय पासपोर्टवर १४ दिवसांपर्यंत फिरायला व्हिसा लागत नाही, पण येण्याआधी ऑनलाइन प्री-अरायव्हल रजिस्ट्रेशन करावंच लागतं. हाँगकाँग इमिग्रेशनच्या सरकारी साइटवर होतं, फुकट आहे, बहुतेक वेळा लगेच निकाल दिसतो आणि ६ महिने चालतं. मधल्या एजंटांना पैसे देऊ नका. फॉर्ममधलं नाव पासपोर्टवर जसं आहे अगदी तसंच भरा, वडिलांचं की नवऱ्याचं नाव मध्ये असेल तर तेही, आणि मिळालेली स्लिप ए-फोर कागदावर छापून न्या.

आणि हो, शांघाय-बीजिंग करून मध्ये हाँगकाँगला यायचं आणि परत चीनमध्ये शिरायचं असा प्लॅन असेल तर चीनचा व्हिसा सिंगल एन्ट्री आहे का बघा. हाँगकाँगला आलात म्हणजे चीनमधून बाहेर पडलात असं धरतात, मग परत आत जाताना नवा व्हिसा लागतो.

२) दिवस कुठला, वेळ कुठली

शनिवार-रविवार नको. खरंच नको. अख्खं हाँगकाँग तिथे लोटतं, गावातल्या गल्ल्या दोन माणसं शेजारून जेमतेम जातील एवढ्याच, आणि संध्याकाळी परतीच्या बसची रांग बघून रडू येतं. शिवाय रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी लांटाऊच्या बसचं भाडंही जास्त असतं. मंगळवार-बुधवार-गुरुवार बघा.

ऑक्टोबर ते डिसेंबर हवा मस्त कोरडी असते, मासे वाळवायचं कामही उन्हातलं, ते बघायला मिळतं. मे ते ऑक्टोबर-नोव्हेंबर टायफूनचा सिझन. तिथे वादळाला नंबर असतात, १, ३, ८, ९, १०, आणि ८ नंबर लागला की बस, फेरी सगळं बंद व्हायला लागतं, म्हणजे तुम्ही गावात अडकलात. हाँगकाँग वेधशाळेचं अ‍ॅप फोनवर टाकून ठेवा. हे गाव वादळ काय असतं ते चांगलं ओळखून आहे, २०१७ च्या हातो आणि २०१८ च्या मांगखुत टायफूनमध्ये समुद्राचं पाणी घराघरात शिरलं होतं.

त्याच वेधशाळेकडे भरती-ओहोटीच्या वेळा असतात, त्या बघून जा, हे कुठल्या गाइडमध्ये सांगत नाहीत. भरतीला खाडी भरलेली असते, खांब बुडालेले, घरं पाण्यावर तरंगल्यासारखी, फोटो छान येतात. ओहोटीला मात्र खाली नुसता चिखल. बाहेरचे लोक तोंड वाकडं करतात, पण मला ओहोटीच जास्त आवडते, कारण चिखलात खेकडे पळतात आणि निवट्या (चिखलातले छोटे मासे) टुणटुण उड्या मारतात, डिट्टो आपल्या खाडीसारख्या. दुपारी ओहोटी आणि संध्याकाळी भरती असा दिवस मिळाला तर दोन्ही बघून होतं.

३) पोचायचं कसं

सगळ्यात सोपं म्हणजे मेट्रोने तुंग चुंग या शेवटच्या स्टेशनला यायचं आणि बाहेर पडून बस नंबर ११ पकडायची, ती थेट ताई ओ लाच जाऊन थांबते. साधारण पाऊण-एक तास, रस्ता डोंगरातून वळणावळणाचा, ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढे बसा आणि आलेपाक जवळ ठेवा. विमानतळावरून थेट येत असाल तर एस-१ बस तुंग चुंगला सोडते, तिथून परत तीच ११.

दुसरा मार्ग मला पाहुण्यांसाठी आवडतो. सकाळी तुंग चुंगवरून न्गोंग पिंगची केबल कार, ५.७ किलोमीटर, पंचवीसेक मिनिटं हवेत, खाली समुद्र आणि डोंगर. वर तियान तान बुद्धाची ३४ मीटर उंच ब्राँझची मूर्ती, २६८ पायऱ्या चढून जायचं, १९९३ साली पूर्ण झालीय. बाजूच्या पो लिन मठात शाकाहारी जेवण मिळतं. जेवून २१ नंबरच्या बसने वीसेक मिनिटांत खाली ताई ओ. म्हणजे दुपारी दोन-अडीचला पोचता, गावाला चार तास मिळतात, संध्याकाळी ११ ने परत. केबल कारचं तिकीट आधी काढा आणि त्या दिवशी मेंटेनन्ससाठी बंद तर नाही ना तेही बघा.

टॅक्सीने जाणाऱ्यांनी लक्ष द्या. शहरातली लाल टॅक्सी दक्षिण लांटाऊच्या रस्त्यांवर जाऊ शकत नाही, तिथे निळ्या टॅक्सी लागतात आणि त्या कमी आहेत. खासगी गाडीलाही वेगळं परमिट लागतं. म्हणून तर हे गाव अजून जरा गावासारखं राहिलंय असं माझं मत.

ऑक्टोपस कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचं कार्ड, घ्या, बस-मेट्रो-फेरी सगळीकडे टॅप होतं. पण गावातल्या आज्यांच्या टपऱ्यांसाठी सुट्टे डॉलर हवेतच. एका हाँगकाँग डॉलरचे किती रुपये होतात ते निघायच्या आधी बघून घ्या.

४) बसमधून उतरल्यावर लगेच होडीत बसू नका

उतरल्या उतरल्या होडीवाले हाका मारतात, बोट टूर, डॉल्फिन, डॉल्फिन. वीस-पंचवीस मिनिटांची फेरी असते, आधी खाडीतून घरांच्या मधून फिरवतात, मग समुद्रात जरा लांब नेऊन आणतात, भाडं पाटीवर लिहिलेलं असतं. घ्या, पण घरं बघायला म्हणून घ्या. डॉल्फिन दिसला तर नशीब. इथले पांढरे डॉल्फिन मोठे झाले की चक्क गुलाबी होतात, आपल्या कोकण किनाऱ्यावर जे कुबडवाले डॉल्फिन दिसतात त्यांचे हे चुलत भाऊच. १९९७ ला हाँगकाँग चीनकडे परत गेलं तेव्हा हाच सोहळ्याचा मॅस्कॉट होता. आणि आता बघा, २००३ च्या मोजणीत हाँगकाँगच्या पाण्यात १८८ च्या आसपास होते, अलीकडच्या वर्षांत तीस-चाळीसवर आलेत. समुद्रात भराव, जहाजांची ये-जा, विमानतळ, आणि २०१८ ला सुरू झालेला हाँगकाँगहून झुहाई-मकावला जाणारा तो लांबलचक पूल, जो होडीतून समोर दिसतोच. त्यामुळे नावाड्याला जवळ जा, अजून जवळ जा असं करू नका. मी सात-आठ वेळा गेले असेन, त्यात एकदाच पाठ दिसली, तीही माझ्या नणंदेने बघितली आणि मी पर्समध्ये टोपी शोधत होते.

५) आधी बाजाराची गल्ली, आणि तिथे जरा वेळ काढा

थांब्यापासूनच बाजार सुरू होतो. टांगलेले खारे मासे दिसतील, त्यांच्या डोक्यांना कागद गुंडाळलेला असतो, माश्या बसू नयेत म्हणून. फुग्यासारखी पिवळट वस्तू दिसेल ती माशाच्या पोटातली हवेची पिशवी, सूप करतात, आणि किंमत ऐकून चक्कर येते. उन्हात वाळवलेले खारवलेल्या अंड्यांचे बलक दिसतील, नारिंगी, चकचकीत, मला आधी जर्दाळू वाटले होते.

पण गावाची खरी ओळख म्हणजे कोळंबीची पेस्ट. हा-च्योंग म्हणतात. आईला पहिल्यांदा दाखवली तेव्हा तिने बरणी उघडून वास घेतला आणि म्हणाली, अगं हा तर जवळाच! आणि बरोबरच आहे, ही बारीक कोळंबी आपल्या जवळ्याच्याच जातकुळीतली. फरक एवढाच की आपण जवळा नुसता वाळवतो आणि हे लोक तो मीठ घालून वाटतात, बांबूच्या गोल सुपांसारख्या ताटांत पसरून उन्हात ठेवतात, ढवळतात, आंबू देतात, आणि गुलाबी-राखाडी लगद्याचा हळूहळू जांभळट तपकिरी रंग होतो. मऊ पेस्ट बरणीत मिळते, जास्त वाळवलेली वडीसारखी ठोकळ्यात मिळते, तिला हा-गोउ म्हणतात.

यात एक वाईट वाटण्यासारखी गोष्ट आहे. २०१२ च्या ३१ डिसेंबरपासून हाँगकाँगच्या पाण्यात ट्रॉलिंगला पूर्ण बंदी आली. समुद्रासाठी चांगलंच झालं, तळ खरवडून काढणारी मासेमारी किती दिवस चालणार, पण ही बारीक कोळंबी त्याच जाळ्यांत यायची. आता पेस्ट करणाऱ्या घरांना कोळंबी बाहेरून, चीनच्या बाजूने आणावी लागते. म्हणजे हात ताई ओ चे, ऊन ताई ओ चं, आणि जवळा दुसरीकडचा. करणारी घरंही आता मोजकीच उरलीत. दुकानात आजी-आजोबा बसलेले असतील तर घाई न करता बघा, चव बघायला मागितली तर काही जण काडीवर देतात.

६) खायचं काय

मासे खाणाऱ्यांची चंगळ. कोळशावर भाजलेला स्क्विड, फिश बॉल, कोळशावरच्या साच्यात केलेले अंड्याचे गोल गोल वॅफल, साखरेत घोळवलेला गरम सा-योंग, म्हणजे बाहेरून कुरकुरीत आत पोकळ मऊ डोनट. बसून जेवायचं असेल तर पालेभाजी किंवा भात कोळंबीच्या पेस्टमध्ये परतून मागवा. मेन्यूत गाऊ-तोउ-यू दिसला तर डोळे झाकून सांगा, कारण ते आपले बोंबील! मीठ-मिरी लावून तळलेले. रवा नसतो, पिठाचं आवरण असतं, पण आतून तसाच लोण्यासारखा. हाँगकाँगमध्ये बसून बोंबील फ्राय खाताना माझ्या सासऱ्यांचे डोळे भरून आले होते, मिरचीने असं ते म्हणतात.

शाकाहारी असाल तर खरं सांगते, गावात अवघड आहे. भाजीवरही कोळंबी, रश्शातही मासा. ‘ङो सिक चाय’ म्हणजे मी शाकाहारी जेवतो, हे म्हणून बघा, पण त्यांच्या ‘चाय’मध्ये, म्हणजे शाकाहारी जेवणात, कांदा-लसूणही नसतो, जैन जेवणाच्या जवळचं काहीतरी येईल. टोफूची गरम खीर (आल्याच्या पाकातली), तांदळाच्या पिठाचे चा-ग्वो आणि डोंगरी पानांचं लालसर गोड थंड पेय हे चालतं, चा-ग्वोच्या आत काय भरलंय ते मात्र विचारा, गोड मुगाचं-शेंगदाण्याचंही असतं आणि खारंही. म्हणूनच शाकाहारी मंडळींना मी वर मठातच जेवून घ्यायला लावते.

दुसरे दोन शब्द पाठ करा. ‘उम्-गोय’, म्हणजे प्लीज आणि थँक्यू दोन्ही, दिवसात पन्नास वेळा लागतो. आणि ‘गेइ तो छिन?’, कितीला?

७) पूल ओलांडून घरांमध्ये

खाडीवरचा मोठा पूल १९९६ साली झाला. त्याच्या आधी इथे दोरीची होडी होती, या काठापासून त्या काठाला दोर बांधलेला आणि गावातल्या बायका तो हाताने ओढत सपाट होडी पलीकडे न्यायच्या, ८० हून जास्त वर्षं असं चाललं.

पूल ओलांडला की डावी-उजवीकडे खांबांवरची घरं, पांग-उक. पूर्वी लाकडाची, आता बरीच पत्र्याची, चंदेरी रंग मारलेली. २००० साली मोठी आग लागून त्यातली बरीच जळाली, मग पुन्हा बांधली. राहणारे मूळचे होडीवर जगणारे लोक. जुन्या पुस्तकांत त्यांना तानका लिहिलेलं असतं, पण तो शब्द हिणवण्यासारखा वाटतो त्यांना, तुम्ही वापरू नका, ‘सोय-स्योंग-यान’ म्हणजे पाण्यावरची माणसं असं म्हणतात. पूर्वी यांना जमिनीवरचे लोक बरोबरीचं मानायचे नाहीत, म्हणून ना धड समुद्रात ना धड जमिनीवर अशी घरं काठाच्या चिखलात उभी राहिली, असं मला तिथे फिरताना नेहमी वाटतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ज्या फळ्यांवरून तुम्ही चालताय तो बऱ्याचदा कुणाचातरी ओटा असतो. दारं उघडी असतात, आत आजोबा बनियनवर टीव्ही बघत असतात, माजाँगच्या सोंगट्यांचा खडखडाट येतो. आत डोकावून फोटो नाही काढायचा. वेसावे किंवा वरळी कोळीवाड्यात कुणी तुमच्या आत्याच्या घरात मोबाईल घुसवला तर कसं वाटेल, बस्स तेवढंच लक्षात ठेवा. एकदा माझ्या एका पाहुण्याने वाळत घातलेल्या माशांचा फोटो काढता काढता वाळत घातलेल्या कपड्यांचाही काढला, आजी काय बोलल्या ते कळलं नाही, पण अर्थ कळला.

८) देऊळ, मग पोलिस चौकी

वेळ असेल तर यांग हाउ देवळाकडे जा, १६९९ चं आहे, गावाच्या टोकाला पाण्याकडे तोंड करून. ड्रॅगन बोट सणाला, म्हणजे साधारण जूनमध्ये, मासेमारांच्या तीन मंडळांच्या लांब होड्या देवळांतल्या देवांना छोट्या होडीत बसवून मागे ओढत अख्ख्या खाडीतून मिरवतात, आणि लोक आपापल्या घरातून कागद जाळून नमस्कार करतात. २०११ ला चीनच्या राष्ट्रीय वारशाच्या यादीत या मिरवणुकीचं नाव आलं. आपल्या नारळी पौर्णिमेची आठवण येतेच. त्या दिवशी गर्दीबद्दल वर लिहिलेलं सगळं विसरा आणि जा.

चार-साडेचारला दुसऱ्या टोकाकडे निघा, वीसेक मिनिटं चालत. टेकाडावर १९०२ ची पांढरी पोलिस चौकी आहे, समुद्री चाच्यांवर लक्ष ठेवायला बांधलेली. २०१२ पासून तिथे ९ खोल्यांचं हॉटेल आहे, वर काचेच्या छपराचं रेस्टॉरंट, चहा प्यायलात तरी चालतं. आत फिरवून दाखवणारी टूर असते, आधी बुक करा. लोखंडी झडपांवरची गोळ्यांची भोकं जरूर बघा, १९१८ साली इथल्याच एका भारतीय शिपायाने आपल्या गोऱ्या सार्जंटला गोळ्या घालून ठार मारलं होतं. त्या काळी हाँगकाँग पोलिसात आपल्याकडची, विशेषतः पंजाबची, खूप माणसं होती. एवढ्या दूरच्या चौकीत तो माणूस काय काय गिळून बसला असेल कोण जाणे.

सूर्यास्त तिथूनच बघा किंवा मागच्या फू शान टेकडीवर चढा, चढ फार नाही. पाच-साडेपाचनंतर टपऱ्या भराभर बंद होतात, दिवसाचे पाहुणे जातात, आणि गाव आपल्या कामाला लागतं. ही वेळ चुकवू नका, लोक चार वाजताच बस पकडतात ते मला कळतच नाही. ११ नंबरची बस रात्रीपर्यंत असते, थांब्यावरच्या पाटीवर शेवटची वेळ बघून ठेवा, २१ मात्र लवकर बंद होते.

९) पेस्ट घरी न्यायची असेल तर

ती हँडबॅगेत टाकू नका. मी टाकली होती. पेस्ट म्हणजे लिक्विडच्या नियमात येते, १०० मिलीच्या वर चालत नाही, तपासणीला बरणी काढून ठेवावी लागली आणि चूक पूर्ण माझीच होती. चेक-इन बॅगेत टाका, झाकणाला टेप, वर तीन पिशव्या, आणि नवऱ्याच्या शर्टांमध्ये नको. ठोकळा घेतलात तर गळायची भीती नाही. घरी आलं की फ्रिजमध्ये ठेवायची. वापरताना अर्धा चमचा तेलात लसणावर परतायची, मग त्यात चवळीच्या कोवळ्या शेंगा किंवा पालेभाजी. मीठ वेगळं घालायचं नाही. आईने पहिल्यांदा सवयीने घातलं, मग त्या भाजीत दोन बटाटे घातले, मग अजून दोन, आणि आम्ही ती दोन दिवस खाल्ली.